गाडी धुतल्यावर ब्लोअरने सुकवावी का? कोणता घ्यावा आणि कसा वापरावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षांची काळी सेडान. दर रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मालक स्वतः धुतात, पाणी बोअरचं. फडक्याने पुसली तर उन्हात बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं, न पुसता सोडली तर पांढरे डाग पडतात. म्हणून ब्लोअर घ्यायचा विचार आहे. कोणता घ्यावा, रंगाला अपाय होईल का, फडका अजिबात न लावता गाडी सुकेल का, आणि तोच ब्लोअर मोटरसायकलला चालेल का?

ब्लोअर जरूर घ्या. गाड्या धुण्या-पॉलिश करण्याच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि घरी गाडी धुणाऱ्याने प्रेशर पंपाच्या आधी ब्लोअर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याच्याकडून नेमकं कोणतं काम करून घ्यायचं हे आधी कळायला हवं, नाहीतर आठवड्याभरात तो माळ्यावर जातो. ब्लोअर पाण्याची वाफ करत नाही, पाणी ढकलतो. हवेचा झोत थेंबाला पत्र्यावरून सरकवत कडेपर्यंत नेतो आणि खाली पाडतो. एवढं डोक्यात बसलं की ब्लोअर कुठला घ्यायचा, कुठून सुरुवात करायची, तोंड किती तिरकं धरायचं, सगळ्याची उत्तरं त्यातूनच निघतात.

वाफ आणि ढकलणं यातल्या फरकाला तुमच्या बाबतीत इतकं महत्त्व का, तर पाण्यामुळे. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची म्हणजे टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. सोसायटीच्या बोअरचा आकडा हजाराच्या पुढे गेलेला मी अनेकदा पाहिला आहे. त्या पाण्याचा थेंब बॉनेटवर जागच्या जागी वाळला की पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच बसतात. थेंब वाळताना त्याच्या कडेला क्षार जास्त साचतात, म्हणून डाग नेहमी कड्यासारखा गोल दिसतो. तोच थेंब ओला असतानाच खाली ढकलला तर क्षारही त्याच्याबरोबर जमिनीवर जातात. ब्लोअरचा खरा फायदा हा आहे. वेळ वाचणं वगैरे नंतरच्या गोष्टी.

टीडीएस मोजायचं पेनासारखं मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं, ते एक घेऊन ठेवा. महापालिकेचं पाणी, उदाहरणार्थ पुण्यात खडकवासल्याहून येणारं, बोअरच्या मानाने पुष्कळ मऊ असतं. टँकरच्या पाण्याचा भरवसा नसतो, आज एक आकडा, पुढच्या आठवड्यात वेगळा. शक्य असेल तर गाडी बोअरच्या पाण्याने धुवा, पण शेवटची बादली नळाच्या पाण्याची ओता. घरच्या आरओचं शुद्ध पाणी आठ-दहा लिटर साठवून बागेच्या हातपंपाच्या फवाऱ्यातून मारलं तर त्याहून उत्तम. इथे एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं टाकाऊ पाणी साठवून त्याने गाडी धुण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. हेतू चांगला आहे, पण शुद्ध पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्या टाकाऊ पाण्यात उतरलेले असतात. म्हणजे मूळ पाण्यापेक्षाही ते जास्त जड. सुरुवातीला चाकांवरचा चिखल भिजवायला वापरा, फरशी पुसा, पण गाडीवर शेवटचं पाणी म्हणून ते कधीच नको.

आता ओरखड्यांचं जाळं. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 35 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस त्याहून जाड. फडक्याखाली धुळीचा एखादा कण सापडला आणि तुम्ही फडका फिरवला की त्या थरावर बारीक रेघ उठते. अशा हजारो रेघांवर ऊन पडलं की त्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल जाळ्यासारख्या दिसतात, आणि काळ्या रंगावर सगळ्यात जास्त दिसतात. पांढऱ्या गाडीवरही असतात, डोळ्याला जाणवत नाहीत इतकंच. ब्लोअरमुळे गाडीला हात लागणं कमी होतं, म्हणून नव्या रेघा कमी पडतात. जुन्या रेघा ब्लोअरने जाणार नाहीत, त्या पॉलिशनेच निघतात.

पण तुमचं जाळं रविवारच्या पुसण्यानेच पडलं असेल असं नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं. सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसायला कोणी येत असेल तर आधी तिकडे लक्ष द्या. एक बादली, एक फडका आणि दहा-पंधरा गाड्या. पहिल्या गाडीची धूळ पाचव्या गाडीवर घासली जाते. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला तेवढ्या वेळात तेवढ्याच गाड्या उरकायच्या असतात. त्याला महिन्याचे पैसे तेच द्या आणि सांगा की फक्त काचा आणि चाकं पूस, पत्र्याला फडका लावू नकोस. रोजचं पुसणं थांबवलं नाही तर महागातला महाग ब्लोअरही तुमचा रंग वाचवू शकणार नाही.

ब्लोअर कोणता घ्यावा. बाजारात या नावाने चार-पाच अगदी वेगळ्या वस्तू मिळतात.

इलेक्ट्रिकल पॅनेल, कॉम्प्युटर आणि सुतारकामाचा भुसा साफ करायला वापरतात तो हातात धरायचा विजेचा ब्लोअर, 500 ते 800 वॉटचा, एका गाडीच्या घरासाठी पुरेसा आहे. हार्डवेअरच्या दुकानात हजार-दीड हजारापासून मिळतो, नावाजलेल्या कंपनीचा तीन-चार हजारांच्या आसपास जातो. पेटीवर वाऱ्याचा वेग ठळक छापलेला असतो, पण तुम्ही हवेचं प्रमाणही बघा, मिनिटाला किती घनमीटर. साडेतीनच्या आसपास किंवा वर असेल तर चांगलं काम होतं. नुसता वेग जास्त आणि हवा कमी असली तर बोटभर पट्टा साफ होतो आणि आख्खा टप करायला हात भरून येतो. वेग कमी-जास्त करायची सोय असलेलाच घ्या, ती नंबर प्लेट आणि स्टिकरपाशी लागते. अशा ब्लोअरमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते, ती सलग चालवली की तापते. बॉनेट झालं की अर्धा मिनिट बंद ठेवा, मोटर जास्त दिवस टिकेल.

बॅटरीवरचा ब्लोअर वायर नसल्यामुळे फार सोयीचा, आणि ओल्या फरशीवर सुरक्षितही. पण हिशेब करून घ्या. 18 व्होल्ट, 4 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 72 वॉट-अवर वीज असते. पूर्ण जोराने चालवलं तर दहा-पंधरा मिनिटांत संपते. हॅचबॅक जेमतेम होते, सेडानला दुसरी बॅटरी हवी. घरात त्याच कंपनीचं ड्रिल मशीन असेल आणि बॅटरी सामाईक चालत असेल तरच हा खर्च परवडतो.

दोन मोटरचे, लांब नळीचे, गरम आणि गाळलेली हवा देणारे खास गाडीसाठीचे ड्रायर येतात. आमच्यासारख्या दिवसाला अनेक गाड्या करणाऱ्यांना ते लागतात, एका गाडीसाठी तेवढा खर्च करायची गरज मला वाटत नाही. कुत्र्यांच्या ग्रूमिंगला वापरतात ते ब्लोअर याच जातकुळीचे असतात. घरात मोठ्या केसांचा कुत्रा असेल आणि तो ब्लोअर आधीच घेतलेला असेल, तर आत अडकलेले केस काढून, गाळणी धुऊन खुशाल गाडीला वापरा.

केस वाळवायचा ड्रायर मात्र वापरू नका. त्याची बहुतेक वीज तार तापवण्यात जाते, हवा अगदी थोडी निघते, म्हणजे तो नेमकं उलटं करतो: थेंब ढकलायच्या ऐवजी जागेवर वाळवतो आणि डाग पक्का करतो. पेंट उचकटायची हीट गन तर गाडीच्या जवळपासही आणायची नाही, तिची हवा कित्येकशे अंश तापलेली असते, बंपर आणि रबर जागच्या जागी वितळेल. काही व्हॅक्यूम क्लीनरना उलटी हवा सोडायची सोय असते, तीही नको. आतल्या पाइपात अडकलेली घरातली धूळ थेट ओल्या रंगावर येऊन बसते.

वॉशिंग सेंटरवर कॉम्प्रेसरला जोडलेली एअर गन दिसते. तिचा दाब सहा-आठ बार, झोत पेन्सिलीएवढा. फटी आणि लोगो यांना ती झकास, सपाट पत्र्याला निरुपयोगी. शिवाय कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि तेलाचा अंश असतो. लाइनमध्ये पाणी अडवणारा फिल्टर नसेल किंवा कोणी तो रिकामाच करत नसेल, तर तेलकट फवारा गाडीवर बसतो. बाहेर धुवायला टाकली तर काच उन्हात तिरकी बघा, तेलाचे बारीक ठिपके लगेच ओळखू येतात. आणि ती गन कोणी गंमत म्हणूनही माणसाच्या अंगावर धरू नये, त्या दाबाची हवा कातडीत शिरू शकते.

घेतल्यावर पहिलं काम म्हणजे ब्लोअरच्या प्लॅस्टिकच्या तोंडावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटं लांबीचा तुकडा चढवायचा, थोडा पुढे आलेला. हात चुकून गाडीला लागलाच तर रबर लागतं. आमच्या धंद्यात नवीन आलेल्या पोराच्या हाती ट्यूब लावल्याशिवाय ब्लोअर देत नाहीत.

विजेचं बोलून मग पाण्याकडे वळतो, कारण ओली फरशी, ओले हात आणि एक्स्टेंशन बोर्ड हे तिन्ही एकत्र येतात. बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, खांबाला किंवा खिडकीच्या गजाला उंच अडकवायचा. ज्या प्लगवरून वीज घेता त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच लाइन तोडणारा स्विच) आहे ना, आणि त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो ना, हे आधी बघून घ्या. पार्किंगमधले प्लग पुष्कळदा जुन्या लाइनवर असतात, सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला विचारायला लाजू नका. दीड चौरस मिलिमीटरची अखंड वायर घ्या, मध्ये टेप गुंडाळलेला जोड नको. पायात रबरी चप्पल. आणि आधी पाइप बंद करून गुंडाळून ठेवायचा, मगच ब्लोअर हातात घ्यायचा. एका हातात पाइप आणि दुसऱ्यात ब्लोअर असं कधीही करू नका.

आता प्रत्यक्ष काम. पण त्याची सुरुवात ब्लोअरच्या आधी होते. गाडी थंड हवी, सावलीत हवी. नुकतीच चालवून आणली असेल तर बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर थांबा, नाहीतर धुता धुताच डाग पडतात. शाम्पू धुऊन झाला की पाइपचं नोझल काढून टाका. फवाऱ्याने पाणी मारलं की पत्र्यावर असंख्य बारीक थेंब चिकटून राहतात. नुसत्या उघड्या पाइपाचं तोंड टपाच्या मधोमध धरून पाणी हलकेच सोडलं तर ते सलग चादरीसारखं घसरत जातं आणि जाता जाता आधीचे थेंब ओढून नेतं. मग तसंच काचेवर, बॉनेटवर, डिकीवर. या दोन मिनिटांत जेवढं पाणी उतरतं तेवढं उतरवायला ब्लोअरला बराच वेळ लागेल.

ब्लोअर सुरू केला की आधी दहा सेकंद गाडीकडे पाठ करून चालवायचा. आत बसलेली धूळ निघून जाऊ द्या. तो हवा ओढतो ती जाळी जमिनीपासून लांब ठेवा, विशेषतः खालची चाकं आणि दारं करताना, नाहीतर पार्किंगची माती ओढून तीच गाडीवर मारेल.

टपापासून सुरुवात. तोंड पत्र्यापासून वीतभर लांब आणि तिरकं, साधारण 30 ते 45 अंशांत. सरळ वरून खाली धरलं तर थेंब चारी बाजूंना उडतात आणि कोरड्या भागावर पुन्हा बसतात. तिरका झोत थेंबांना एका रांगेत पुढे रेटतो. जरा निरखून बघा: पहिला छोटा थेंब हलतच नाही, नुसता थरथरतो. शेजारचा त्याला येऊन मिळाला की दोघांचा मोठा होतो आणि एकदम पळत सुटतो, वाटेतल्यांना गोळा करत. म्हणून सगळ्या दिशांनी झोत फिरवत बसू नका. एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे, हाताचा वेग पाण्याच्या वेगाएवढा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवून. टप अर्धा अर्धा करून दोन्ही बाजूंना उतरवा, मधून पुढच्या काचेकडे नका नेऊ.

टप झाला की लगेच पत्र्याच्या मोठ्या भागांकडे वळावंसं वाटतं. मी आधी पाणी लपून बसतं त्या जागा रिकाम्या करतो, कारण तिथलं पाणी नंतर गळून केलेल्या कामावर ओघळ आणतं. साइड मिररचंच बघा. बाहेरून पुसलेला आरसा कोरडा दिसतो, पण काच आणि कवच यांच्यामधल्या फटीत आणि आतल्या पोकळीत पाणी भरलेलं असतं. गाडी उन्हात उभी केली की पंधरा मिनिटांनी आरशाच्या खालच्या भोकातून एक धार दारावर उतरते, आणि ती वाळली की काळ्या दारावर बोटभर लांब पांढरी रेघ. झोत काचेच्या वरच्या कडेने आत सोडायचा, मग बाजूने, मग खालून. पाणी फुर्रकन बाहेर उडेल, कधी कधी चेहऱ्यावर येईल. आरसा मिटता येत असेल तर मिटवून बिजागरीच्या फटीतही एकदा मारा. सगळं झाल्यावर शेवटी पुन्हा एकदा आरसे करायचे. दुसऱ्या वेळीही पाणी निघतंच.

तशाच बाकीच्या जागा: दाराच्या हँडलमागची वाटी, वायपरखालची काळी जाळी, काचेच्या खालचं रबर, पेट्रोलच्या झाकणाची फट, मागच्या दिव्यांच्या कडा, नंबर प्लेटच्या मागची जागा, लोगो आणि मॉडेलच्या नावाची अक्षरं, पुढची जाळी. डिकी उघडण्याआधी तिच्या वरच्या फटीतलं पाणी उडवा, नाहीतर ते आतल्या सामानावर पडेल. दारं उघडून उंबऱ्यावर आणि दाराच्या खालच्या कडेवर हलका झोत मारा, पण तोंड बाहेरच्या बाजूला ठेवून, सीटकडे नाही. दाराच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात, ती चिखलाने बुजलेली दिसली तर काडीने मोकळी करा. गंज बहुतेक गाड्यांत तिथूनच आतून सुरू होतो. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी डागांपेक्षाही या एका कारणासाठी ब्लोअर घ्यावा असं मी म्हणेन. मीठ आणि ओल फटीत एकत्र राहिली की पत्रा फार झपाट्याने खाल्ला जातो.

त्यानंतर काचा, बॉनेट, डिकी, दारं, वरून खाली. चाकं सगळ्यात शेवटी, कारण तिथून उडणारं पाणी घाण असतं. नटांच्या खळग्यांतलं पाणी आवर्जून काढा.

फडक्याशिवाय जमेल का? गाडीवर वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग ताजं असेल तर जवळजवळ जमतं. नसेल तर नाही. कोटिंग असलेल्या पत्र्यावर पाण्याचे गोल मणी होतात आणि ते झोताने सहज घरंगळतात. जुन्या, उघड्या क्लिअर कोटवर पाणी पसरून चिकटतं. तिथे ब्लोअर किती का जोरात मारा, पातळ ओल मागे उरतेच. तुमची गाडी दोन वर्षांची आहे आणि वॅक्सचा उल्लेख नाही, म्हणजे दुसराच प्रकार असावा. दर दोन-तीन महिन्यांनी साधं स्प्रे सीलंट लावलंत तरी ब्लोअरचं काम निम्मं होईल. बोअरच्या पाण्याला महागड्या सिरॅमिकची गरज नाही, नियमितपणाची आहे. उलट एक सावधगिरी सांगतो: सिरॅमिक केलं म्हणून ओली गाडी उन्हात सोडून देणाऱ्यांच्या गाडीवर डाग जास्त वाईट पडतात, कारण पसरलेल्या पाण्यापेक्षा उंच मण्यात क्षार एका जागी जास्त साचतात. कोटिंग केलेली गाडी सुकवणं जास्त गरजेचं असतं, कमी नाही.

उरलेली ओल टिपायला एकच मोठा मायक्रोफायबर टॉवेल, साधारण 60 बाय 90 सेंटिमीटरचा, पिळदार लूप असलेला जाड प्रकार. तो पत्र्यावर पसरायचा, वरून तळहाताने हलकं दाबायचं आणि उचलायचा. घासायचं अजिबात नाही. टॉवेलवर स्प्रे वॅक्सचे दोन फवारे मारले तर कण अडकला तरी सरकतो. पेट्रोल पंपावर प्लॅस्टिकच्या नळीत मिळणारं पिवळं शॅमॉय पाणी छान शोषतं, पण त्याचा पृष्ठभाग सपाट असल्याने कणाला आत शिरायला जागा नसते, तो तसाच रंगावर ओढला जातो. ते काचेसाठी आणि दाराच्या आतल्या कडांसाठी ठेवा. टॉवेल जमिनीवर पडला की त्या दिवशी तो संपला, झटकून परत वापरायचा नाही. धुताना वेगळा धुवा आणि कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसला की टॉवेल पाणी टिपायचं थांबवतो.

रंगाला अपाय होईल का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. धड असलेल्या रंगाला साध्या हवेने काहीही होत नाही. रस्त्यावर गाडी ताशी शंभरने धावते तेव्हा तिच्यावर वारा येतच असतो. जपायचं ते इथे: दगड लागून जिथे रंगाची खपली उठली आहे, कडेने सुटलेलं स्टिकर किंवा पीपीएफ (रंग जपायला वरून चिकटवतात ती पारदर्शक फिल्म), लोंबणारं रबर, आणि आधी स्वस्तात पुन्हा रंगवलेला बंपर. अशा जागी लांबून आणि हळू. बॉनेट उघडून इंजिनवर झोत मारायचा असेल तर फ्यूज बॉक्स, हवेच्या फिल्टरचं तोंड आणि वायरच्या जोडांकडे नेम धरू नका. पाणी बाहेर काढता काढता ते आत ढकललं जातं.

आतापर्यंत पडलेल्या पांढऱ्या डागांचं काय, तेही सांगून टाकतो. नवे असतील तर घरातलं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून, थंड पत्र्यावर, मऊ ओल्या कापडाने मिनिटभर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. आधी एखाद्या कोपऱ्यात करून बघा. व्हिनेगरमधलं आम्ल चुन्याचे क्षार विरघळवतं. उघड्या ॲल्युमिनियमला आणि क्रोमला ते लावू नका. डाग गेल्यावरही त्या जागी खळगा दिसत असेल तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्लेला आहे, तिथे पॉलिशशिवाय इलाज नाही. ते मशीनचं काम अनुभवी माणसाकडे द्या, कारण प्रत्येक पॉलिशमध्ये तो पातळ थर आणखी थोडा झिजतो.

आवाजाचा विचारही करा. बंदिस्त पार्किंगमध्ये ब्लोअर घुमतो, रविवारी सकाळी सातला लावलात तर वरच्या मजल्यावरच्या आजारी माणसाला त्रास होईल. नऊनंतर लावा, आणि स्वतःच्या कानात बोळे घाला, सेडानला पंधरा-वीस मिनिटं तरी जातात. वीज फारशी लागत नाही, 600 वॉटचा ब्लोअर वीस मिनिटं चालला तर पाचवा हिस्सा युनिट.

सुकवून झाल्यावर गाडी झाकणात गुंडाळू नका. आधी सोसायटीतल्या सोसायटीत एक फेरी मारा आणि चार-पाच वेळा ब्रेक दाबा. ब्रेकच्या डिस्क ओतीव लोखंडाच्या असतात, ओल्या राहिल्या की रात्रीत तांबूस होतात. पहिल्या ब्रेकला खरखर येते ती त्याचीच. ती घातक नसते, पण ओली गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पॅड डिस्कला चिकटू शकतात.

मोटरसायकलला ब्लोअर चालतो, आणि माझ्या मते गाडीपेक्षाही जास्त उपयोगी पडतो. मोटरसायकलला फडका पोचतच नाही अशा जागा किती: इंजिनावरच्या पात्यांच्या मधे, स्पोकच्या मुळाशी, सायलेन्सरच्या मागे, हँडलवरच्या स्विचच्या फटी, स्पीडोमीटरची कड. स्पार्क प्लग जिथे बसतो त्या खळग्यात पाणी साचलं तर गाडी सुरू व्हायला कुरकुर करते, तिथे झोत मारला की काम होतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच धुवा. पुढच्या फोर्कची सील, चाकाच्या बेअरिंगची टोपी आणि किल्लीचं भोक यांवर अगदी जवळून झोत धरू नका, तिथे पाणी आणि माती आत जाते. चेन मात्र मनसोक्त सुकवा: मागचं चाक स्टँडवर उचला, इंजिन बंद ठेवून हाताने फिरवत खालच्या बाजूच्या चेनवर आतून बाहेर झोत सोडा, दोन पूर्ण फेरे होईपर्यंत. कड्यांमधून पाणी उडायचं थांबलं की लगेच चेनचं तेल लावा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. ओल्या चेनवर तेल लावलं तर ते पाण्यावर तरंगतं, आत पोचत नाही, आणि पावसाळ्यात आठवड्याभरात कडी तांबूस दिसायला लागतात.